आपल्या घरचा कागद

गेल्या दिवाळीत सुनेने माझ्या मनगटावर एक घड्याळ बांधलं. वेळ सांगणं हे त्याचं सगळ्यात किरकोळ काम. ते पावलं मोजतं, ठोके मोजतं, झोप मोजतं, आणि मी हैदराबादेत कुकटपल्लीच्या नवव्या मजल्यावर टीव्हीसमोर फार वेळ बसले की मनगटाला गुदगुल्या करून उठायला लावतं. सून पुण्याची, नोकरी कॉम्प्युटरची. ऑफिसातून तिचा फोन येतो, "आई, आज फक्त एवढीच पावलं?" मी म्हणते, "घड्याळ चार्जिंगला होतं, पावलं माझ्याजवळच आहेत." ती हसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. मला तिचा राग येत नाही. पंचवीस वर्षं मी लोकांच्या घरात शिरून हेच केलं आणि त्याचा पगार घेतला.

मी हृदयरोगाच्या संशोधनात होते. डॉक्टर नव्हे, गृहविज्ञान शिकलेली, दारोदार फिरून कागद भरणारी बाई. हृदयाचं संशोधन म्हटलं की लोकांना पांढरे कोट आणि चकचकीत यंत्रं दिसतात. आमचं अर्धं संशोधन जिन्यात चालायचं. कोणाच्या घरी तेल किती, मीठ किती, बिडी कोण ओढतं, बाप कशाने गेला, हे विचारायचं, लिहायचं, बीपी बघायचं आणि पुढचं दार वाजवायचं. ते काम मला मनापासून आवडायचं. आणि त्याच कामाच्या गुर्मीत मी माझ्या वडिलांना जवळजवळ घालवून बसले होते. ते वाचले, पुढे सहा वर्षं जगले, म्हणून तरी हे लिहिता येतंय. सुनेला यातलं काही मी सांगितलेलं नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. उदगीरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, विशीत हैदराबादला आला आणि अफझलगंजातल्या एका बियाण्यांच्या दुकानात जन्मभर काउंटरमागे उभा राहिला. आमचं घर गौलीगुड्यात, एका भांड्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला. दोन खोल्या आणि एक लांब गॅलरी. खाली दिवसभर पितळेची ठाकठूक, पलीकडून बसस्टँडवरची तेलुगू अनाउन्समेंट. शाळेत असताना मी ती ऐकून ऐकून सगळे तालुके पाठ केले होते आणि भूगोलाच्या बाईंना त्याचं फार कौतुक वाटायचं. लग्न होऊन कुकटपल्लीला गेले तरी माझ्या कामाच्या गल्ल्या जुन्याच राहिल्या, त्यामुळे दुपारचं जेवण रोज आईकडे. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. दादा दुकानातून रिटायर झाल्यावर सकाळी अफझलगंजच्या लायब्ररीत पेपर वाचायला जायचे आणि माझ्या जेवणाच्या वेळेला बरोबर परत यायचे. ती दुपारची तासाभराची पंगत माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वेळ होती. तेव्हा तसं वाटत नव्हतं. तेव्हा मी घड्याळाकडे बघत जेवायची.

माझ्या खांद्यावरच्या पिशवीत बीपीचं यंत्र, वजनकाटा आणि एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या वाट्या असत. लोकांना "किती ग्रॅम" विचारलं तर ते आपल्याकडे बघत बसतात. वाटी पुढे धरली की बरोबर बोट ठेवतात. "काल काय काय खाल्लं?" हा आमचा मुख्य प्रश्न. त्यात मराठी घरं मोठी अवघड. बाई म्हणायची, "काल काही नाही हो, चतुर्थी होती." सोबत कोणी नवखा असला तर तो कागदावर शून्य लिहून मोकळा व्हायचा. मी हळूच विचारायची, "उपासाला काय केलं होतं?" मग साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू असं एकेक बाहेर पडायचं. एरवी ती बाई दिवसभरात एवढं खात नसे.

मिठाचंही तसंच. "जेवताना वरून मीठ घेता का?" असं विचारलं की सगळी मराठी घरं एकमुखाने "छे" म्हणायची. आणि त्यांच्या ताटात डाव्या हाताला, लिंबाच्या फोडीशेजारी, चिमूटभर मीठ असायचंच. ते कोणी घेत नाही, ते वाढलेलंच असतं. माझी आईसुद्धा आधी मीठ वाढायची, मग बाकीचं ताट. फक्त देवाच्या नैवेद्यात मीठ वाढायचं नाही, एवढाच काय तो अपवाद. आमच्या टोळीत मराठी मी एकटीच, म्हणून ही गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि आमच्या संशोधनाच्या प्रमुख डॉक्टर मॅडम यांनी माझ्या सांगण्यावरून कागदावर नवा प्रश्न घातला. सगळ्यांसमोर शाबासकी दिली. त्या दिवशी मी घरी पेढे नेले. तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नव्हते, हे मी आज कबूल करते.

मग आमचा मिठाचा अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकून शहरातल्या काही गल्ल्या निवडल्या. निम्म्या गल्ल्यांत नुसतं मोजायचं. निम्म्यांत मोजायचं आणि मीठ कमी कसं करावं हेही शिकवायचं. काही वर्षांनी दोन्हीकडचं बीपी आणि हृदयविकाराचे झटके ताडून बघायचे. आमचीच गल्ली शिकवण्याच्या चिठ्ठीत निघाली. दादांना बीपी होतंच. लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकणारी एक गोळी ते रोज सकाळी घेत. त्यांनी लगेच नाव दिलं.

डॉक्टर मॅडमचा एक नियम होता. आपल्या घरचा कागद आपण भरायचा नाही. तो दुसऱ्याने भरायचा, आणि तो भरत असताना आपण घरातही थांबायचं नाही. आमच्या घरचा कागद माझ्या एका सहकाऱ्याकडे गेला. जुन्या शहरातला, दखनी बोलणारा, हळू आवाजाचा सज्जन माणूस. मला आपा म्हणायचा. पहिल्या खेपेला आईने त्याला चहा दिला, चिवडा दिला आणि प्रत्येक प्रश्नाला "सब ठीक है भैया" एवढंच उत्तर दिलं.

त्याचं कारण होतं तो कॅन. माणूस किती मीठ खातो हे त्याच्या तोंडून कधीच कळत नाही. खाल्लेलं मीठ लघवीतून बाहेर पडतं, म्हणून अख्ख्या दिवसरात्रीची लघवी एका पांढऱ्या कॅनमध्ये गोळा करून ती तपासावी लागते. दादा तो कॅन एका साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत घालून गॅलरीतल्या खुंटीला टांगायचे. शेजारणीने एकदा विचारलं, "तेल कुठून आणलं हो, घाण्याचं का?" आई आत पळाली ती संध्याकाळपर्यंत गॅलरीत आली नाही.

"माणूस चांगला आहे गं तो," आई मला म्हणाली, "पण परक्यासमोर मी ह्यांच्या लघवीचं काय बोलू? तूच लिही की. रोज तर येतीस."

मलाही ते सोयीचंच होतं. मी सहकाऱ्याला सांगितलं, कागद मी भरते, तू फक्त सही कर. तो म्हणाला, "आपा, ये ठीक नै." मी म्हटलं, "मेरे घर का मेरे से ज्यादा कौन जानता?" त्याने नाइलाजाने मान हलवली. डॉक्टर मॅडमना यातलं काही कळलं नाही.

लघवीतल्या सोडियमचा, म्हणजे मिठाचा, पहिला आकडा आला तो भरपूर होता. दादांनी तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिला. तीन महिन्यांनी दुसरा आला, थोडा कमी. मग तिसरा, त्याहून कमी. दादांना चेव चढला.

"यंदा पहिला नंबर कुणाचा गं?" ते जेवताना विचारायचे.

"दादा, संशोधनात नंबर नसतात."

"नसतात कसे? मागच्या बारीला आकडा बघून तू हसलीस. म्हंजे मी वरच असणार. चौथीनंतर मला कुणी नंबर दिला नाही, बघ."

मी खरोखरच हसले होते. माझ्या सगळ्या घरांत दादांचा आकडा सगळ्यात झपाट्याने उतरत होता. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि तो लपवण्याचीही मी तसदी घेत नव्हते. दादांनी ताटातलं मीठ बंद केलं, लोणचं बंद केलं, पापड बंद केला. आईने एकदा त्यांचं ताट वाढलं, तर रिकाम्या डाव्या बाजूकडे बघून म्हणाले, "नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत. मला आत्ताच देव करायलाव का तुम्ही?" दुसऱ्या दिवशी म्हणाले, "खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मी आता कुणालाच जागायला मोकळा." आम्ही तिघं खूप हसलो. त्यांच्या थट्टेमागे ते अळणी घास कसे गिळत होते, हे मी विचारलं नाही.

आता जे मला तेव्हा माहीत नव्हतं ते सांगते. स्वयंपाकातलं मीठ निम्म्यावर आणायला अभ्यासात सांगितलं होतं म्हणून आई निम्मं घालत होती, आणि पुढच्या आकड्याला आणखी यश यावं म्हणून त्या निम्म्याचंही निम्मं करत होती. ही गोष्ट तिने आम्हाला सांगितली नाही, कारण सांगितली असती तर दादांना जेवण जास्तच बेचव लागलं असतं. मी बरणीतलं मीठ काढून गुपचूप कमी सोडियमचं मीठ भरून ठेवलं होतं. हे अभ्यासाच्या नियमात बसत नव्हतं, म्हणून मी तोंड मिटून होते. आणि दादा लायब्ररीत कुठल्याशा पेपरातल्या आरोग्याच्या सदरात भरपूर पाणी प्यावं असं वाचून आले होते, तर तांब्यावर तांब्या पाणी पीत होते, आणि कॅनच्या आधी दोन दिवस तर भाकरी नुसत्या दुधात कुस्करून खात होते. आई शेजारी बसायला गेली की भाजी परत पातेल्यात. तिघं एका ताटाभोवती बसत होतो आणि तिघं एकमेकांपासून लपवून तेच करत होतो. त्यात ती गोळी रोज उरलंसुरलं मीठ बाहेर काढत होती. अति तिथे माती, हे मी दुसऱ्यांच्या घरी तुपाबद्दल शंभरदा ऐकवलेलं वाक्य.

कागदाच्या शेवटी तब्येतीचे प्रश्न असायचे. चक्कर येते का, पोटऱ्यांत गोळे येतात का, चढताना छातीत भरून येतं का. परक्या घरी मी हे प्रश्न सावकाश, एकेक करून, समोरच्याच्या तोंडाकडे बघत विचारायची. घरी मी एका हाताने भाकरी मोडत म्हणायची, "चक्कर वगैरे नाही ना दादा?" ते म्हणायचे, "काही नाही. लिही, ठणठणीत." मी सगळ्या चौकोनांत "नाही" लिहून टाकायची. आई एकदा म्हणाली, "हल्ली ते जेवताना गप्पच असतात." मी म्हटलं, "उन्हाळा आहे."

उन्हाळा होताच. वैशाखातल्या एका दुपारी मी जेवायला आले तर दादा घरी नव्हते. आई गॅलरीत उभी. आम्ही खाली उतरणार, तोच भांड्यांच्या दुकानाचे मालक त्यांचा दंड धरून त्यांना वर घेऊन आले. ते चार घरं पलीकडे, कोणाच्या तरी ओट्यावर बसून होते म्हणे. शर्ट घामाने भिजलेला, चप्पल एकाच पायात. आईने त्यांना खुर्चीत बसवलं, तोंड पुसलं. दादांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि दुकानातल्या आवाजात, अगदी अदबीने म्हणाले, "भेंडीचं बी संपलं, बाई. परवा या."

आई आधी हसली. तिला वाटलं, थट्टा. मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, "रिक्षा आण." मला वाटलं अर्धांगाचा झटका. मेंदूत रक्त साकळलं असेल तर मिनिटामिनिटाला किंमत असते, हे मी लोकांना शिकवत आले होते. त्या वेळी मला रिक्षावाल्याला पत्ता सांगता येईना.

दवाखान्यात त्यांचा डोक्याचा फोटो काढला, रक्त घेतलं. डोकं साफ होतं. तासाभराने एक तरुण डॉक्टर रिपोर्ट घेऊन पलंगापाशी आला आणि माझ्याशी बोलू लागला. माझ्या गळ्यात अजून आमच्या संशोधनाचं ओळखपत्र लोंबत होतं, त्यावर हृदयाचं चित्र. तो म्हणाला, "इनका सोडियम बहुत कम आया है. बहुत ही कम."

दादा डोळे मिटून पडले होते. त्यांनी ते ऐकलं. डोळे उघडले, डॉक्टरकडे बघून हसले. तो चेहरा मी विसरू शकत नाही. इतकं खुश मी त्यांना माझ्या लग्नातही बघितलं नव्हतं. म्हणाले, "कम आया? मेरी बच्ची को बोलो, साब. उसकू बहुत खुशी होती." मी त्यांचा हात धरून उभी होते आणि त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

डॉक्टरने विचारलं, घरात मीठ बंद केलंय का? गोळी कुठली? पाणी किती पितात? मग दवाखान्याच्या पॅसेजमध्ये आई आणि मी एका बाकावर बसलो आणि एकमेकींना सांगू लागलो. तिने निम्म्याचं निम्मं सांगितलं. मी बरणीचं सांगितलं. दुधात कुस्करलेल्या भाकरीचं दादा शुद्धीवर आल्यावर कळलं. आई म्हणाली, "तुला तर कळायला पाहिजे होतं." तिने ते रागाने म्हटलं नाही, नुसतं म्हटलं. लोकांची ताटं तपासत हिंडले आणि ज्या ताटात रोज जेवले तिथे माझं लक्ष नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मनात आलं आणि मी तिथे बाकावर बसून रडले.

घसरलेलं सोडियम एकदम वर चढवत नाहीत, मेंदूला धोका असतो. सलाइन थेंबाथेंबाने सोडतात आणि दर काही तासांनी रक्त तपासतात. दोन दिवस दादा आम्हाला बियाणं विकत होते. काकडी, दोडका, गवार. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझं काम नाही का आज? इथं काय करायलीस?" मला हसू की रडू कळेना. त्या दिवशी दवाखान्याचं जेवण आलं, त्यात बेताचं मीठ होतं. दादांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत बसले.

मी डॉक्टर मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. सही सहकाऱ्याची, अक्षर माझं, बरणीतलं मीठ माझं. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "तुझ्या हाताने लिही. जसं सांगितलंस तसं." मी लिहिलं. पाच-सहा ओळींचं ते लिहायला मला सगळी सकाळ लागली. मला गल्ल्यांमधून काढून वर्षभर ऑफिसात कागद तपासायला बसवलं. शिक्षा योग्यच होती. सहकाऱ्यालाही बोलणी बसली, ती माझ्यामुळे. त्याने मला एका शब्दानेही काही म्हटलं नाही. पुढे आमच्या कागदावर नवीन प्रश्न आला, "घरात आणखी कोणी याच माणसाचं मीठ कमी करतं आहे का?" त्याचं श्रेय मी कधी सांगितलं नाही.

दादांना घरी आणलं. डॉक्टरांनी गोळी बदलली, पाण्याला माप घालून दिलं, मीठ बेताचं पण रोज, असं बजावलं. दादांना मात्र दुसरीच काळजी.

"माझं नाव काढलं का गं?"

"कशातून?"

"तुमच्या त्या अभ्यासातून. मी लबाडी केली ना."

मी त्यांना समजावलं. आमच्याकडे एकदा चिठ्ठी निघाली की माणूस शेवटपर्यंत मोजला जातो. सांगितलेलं ऐको न ऐको, मध्येच सोडून जावो, चुको, त्याला हिशेबातून वगळत नाहीत. वगळलं तर संशोधन खोटं पडतं.

"म्हंजे माझ्या येडेपणाची पण नोंद राहणार?"

"राहणार."

"बरं झालं," ते म्हणाले आणि कुशीवर वळून झोपले.

पावसाळ्यात पुढची खेप आली. या वेळी नियमाप्रमाणे माझा सहकारीच गेला. त्याच्या गुडघ्याला दोन जिने सोसत नव्हते, तरी गेला. मला घरात थांबायची परवानगी नव्हती, पण राहवेना, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत तिथवर गेले आणि जिन्यात बसले. पहिला जिना संपून दुसरा सुरू होतो त्या वळणाच्या पायरीवर. दार उन्हाळ्या-पावसाळ्यात उघडंच असायचं. ऐकू नये हे मला कळत होतं, पण मी ऐकलं. त्या दिवशीच्या कागदावरून पुढे दादांच्या हृदयाची तपासणी झाली, एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली सापडली, औषधं सुरू झाली, आणि नंतरची सहा वर्षं आम्हाला मिळाली ती त्याच कागदामुळे.

आई चहा देऊन स्वयंपाकघरात गेली असावी. सहकारी एकेक प्रश्न सावकाश विचारत होता.

"चचा, चक्करां आते?"

"आते थे, भाई. होली से आ रे थे."

"पयले कायकू नै बोले? आपा पूछे नै?"

"पूछी ना. लेकिन कागज उसके हाथ में था. मैं क्या बोलता? बच्ची का काम खराब होता." मग हळूच, "तुम आते तो तुमकू बोल देता."

त्याने ते लिहिलं असावं. पेन कागदावर चालल्याचा आवाज मला येत नव्हता, पण तो पुढच्या प्रश्नाला वेळ लावत होता. पोटऱ्यांत गोळे? हौ, आते. झोप? कमी. जीव घाबरतो? कधी कधी. दादा सांगत गेले. मी दोन वर्षं ज्या चौकोनांत "नाही" लिहीत आले होते, त्या प्रत्येकाला त्यांच्याजवळ उत्तर होतं, आणि ते कोणीतरी विचारण्याची वाट बघत असल्यासारखे भराभर बोलत होते.

"और सिडियां चढते वखत? छाती में कुछ?"

आत कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"भर को आती, भाई. दो बरस हो गए. बीच के मोड पे रुकना पडता."

"आपा को मालूम?"

"नै. वो साथ में रही तो मैं कुछ तो भी किस्सा निकालता, बोलते बोलते खडा रहता. उसकू लगता, बुड्ढा बातां बहुत करता."

दुपारी आम्ही कधी दोघं एकदमच खाली पोचलो की बरोबर वर चढायचो. मधल्या वळणावर दादा हमखास थांबायचे. कठड्याला हात टेकून कधी उदगीरच्या बाजाराची, कधी दुकानात आलेल्या एखाद्या तऱ्हेवाईक गिऱ्हाइकाची गोष्ट काढायचे. मला कामाची घाई असायची, तरी तेवढी गोष्ट मी पुरती ऐकायची, कारण घरात आईसमोर ते असं बोलत नसत. लग्नानंतर एवढाच बाप आपल्या एकटीच्या वाट्याला येतो असं मला वाटायचं. मध्येमध्ये ते श्वास घ्यायला थांबत, तेव्हा मला वाटे पुढचं आठवतायत. मी त्याच वळणावर बसले होते, आणि वर माझा सहकारी त्यांचं उत्तर लिहून घेत होता.